सातवीच्या वह्यांतील चालीच्या नोंदींविषयी चि. सुहास यास



पत्रास कारण असे की, सुहास शिकवतो त्या सातवीच्या वर्गात चालीचा प्रयोग मैदानावर झालाच नाही आणि तरीही प्रत्येक वहीत अंतर ५० मीटर, काळ १० सेकंद व चाल ५ मीटर प्रति सेकंद अशी एकसारखी नोंद फळ्यावरून उतरवून घेण्यात आली, असे वहिनींच्या बोलण्यातून कळले. वहिनींना ते काशीकाकूंच्या त्याच वर्गातल्या नातवाकडून समजले. मुलाच्या तोंडची गोष्ट घरी पोहोचेपर्यंत तिला पाय फुटतात हे खरे. परंतु तपासणी तोंडावर आलेली, मैदान स्नेहसंमेलनाच्या मांडवाने अडलेले आणि अभ्यासक्रम मागे पडलेला, ही परिस्थिती पाहता ती सर्वस्वी खोटी असेल असे वाटत नाही. प्रयोग राहून जाणे शाळेत नित्याचे आहे. न झालेल्या प्रयोगाची नोंद होणे तसे नाही, आणि काळजी आहे ती एवढ्याचीच.

नाना मोजणी खात्यात होते, हे घरात नव्याने सांगायला नको. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन, हे सुहासला पाढ्यांच्या आधी पाठ झाले ते त्यांच्यामुळेच. त्यांच्या मोजणीच्या वहीत चुकलेला आकडा कधी पुसलेला नसे. त्यावर एकच आडवी रेघ असे, रेघेखालचा आकडा वाचता येई आणि दुरुस्त आकडा शेजारी लिहिलेला असे, कारण पुढेमागे बांधाचा तंटा उभा राहिला तर आधी काय मोजले गेले होते तेही कळले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्याच नातवाच्या वर्गात साऱ्या मुलांना एकच आकडा यावा, हे पत्र लिहिणाऱ्या आत्याच्या मनाला लागले आहे.

एकक काळात कापलेले अंतर म्हणजे चाल, आणि अंतर म्हणजे वस्तूने प्रत्यक्ष आक्रमिलेल्या वाटेची लांबी, ही व्याख्या सातवीच्या मुलाला एका तासात पाठ होते. त्रिकोणात अंतर वर लिहायचे, चाल व काळ खाली, आणि हवी ती राशी बोटाने झाकायची, ही युक्ती गुण मिळवून देते याविषयीही वाद नाही. परंतु तिच्यामुळे चाल भागाकारातून जन्मते असा समज दृढ होतो, आणि त्या भागाकाराआधी कोणीतरी फीत ताणून धरली होती, कोणीतरी घड्याळाची कळ दाबली होती, ही बाब मुलांच्या कल्पनेतून पार निघून जाते.

प्रत्यक्ष मोजणी झाली असती तर जितक्या वह्या तितके आकडे आले असते, आणि शिकवण्याजोगे जे काही आहे ते त्या तफावतीतच आहे. डोळ्यांनी पाहून बोटाने कळ दाबेपर्यंत माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात, यास प्रतिसादाचा काळ म्हणतात. धाव सुरू होतानाचा उशीर आणि संपतानाचा उशीर एकमेकांना काही अंशी छेद देतात, पण पूर्णपणे देत नाहीत. १० मीटरची धाव २.५ सेकंदांत संपत असेल आणि ०.२ सेकंदांची चूक राहिली, तर ती ८ टक्के होते. ५० मीटरची धाव १० सेकंदांची असेल तर तीच चूक २ टक्क्यांवर येते. अंतर लांब का घ्यावे, हे मुलांना सांगण्याऐवजी दोन्ही धावा मोजून त्यांना शोधू दिले तर एक तास जास्त जातो, आणि तो गेलेला बरा. शिट्टीचेही तसेच. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून ५० मीटरवर अंतिम रेषेपाशी उभ्या असलेल्या काळमापकाला शिट्टी सुमारे ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येते. यास्तव त्याने शिट्टीकडे कान न देता आरंभरेषेवरील मुलाच्या हातातला रुमाल खाली येताना पाहावा आणि कळ दाबावी. एका धावेचा काळ तिघांनी मोजावा, तिन्ही आकडे लिहावेत आणि मगच सरासरी काढावी. स्टॉपवॉच नसेल तर शिक्षकाचा मोबाइल चालतो, आणि वर्गात मोबाइल काढण्याचा संकोच असेल तर दोऱ्याला लहानसा दगड बांधून, टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबी राखली असता त्या लंबकाचे एक पूर्ण आंदोलन, म्हणजे जाऊन परत येणे, जवळजवळ १ सेकंदात होते. उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचा काळ बारीक धारेने साठलेले पाणी तोलून मोजल्याचे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितले आहे, तेव्हा साधने नव्हती ही सबब निदान या घरात कोणी पुढे करू नये.

मोजणी एकदा खरी झाली की पुढचा प्रश्न मुलेच विचारतात, तो असा की धावणारा मुलगा साऱ्या वाटेवर त्याच चालीने धावला काय. दर १० मीटरवर एकेक काळमापक उभा केला तर उत्तर मिळते. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले, म्हणजे सरासरी चाल सेकंदाला सुमारे १०.४ मीटर झाली. परंतु त्याच धावेत पहिल्या २० मीटरला २.८९ सेकंद लागले आणि ६० ते ८० मीटर या टप्प्याला १.६१ सेकंद पुरले. सरासरी चाल म्हणजे एकूण अंतराला एकूण काळाने भागून येणारी राशी, आणि तीत हे चढउतार लपून जातात. फळ्यावरून उतरवलेल्या ५ मीटर प्रति सेकंदात असे लपलेले काहीच नसते, कारण त्यामागे कोणी धावलेलेच नसते.

वेगाच्या बाबतीत दिशा आली की काम थोडे बिकट होते. आरंभबिंदूपासून अंतिम बिंदूपर्यंतच्या सरळ रेषेतील अंतरास, दिशेसह, विस्थापन म्हणतात, आणि एकक काळातील विस्थापन म्हणजे वेग. म्हणून केवळ परिमाण सांगून भागते ती चाल अदिश राशी आणि दिशाही सांगावी लागते तो वेग सदिश राशी. डेक्कन क्वीनचे उदाहरण येथे चांगले उपयोगी पडते. मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरचा लोहमार्ग ती सुमारे सव्वातीन तासांत कापते, म्हणून सरासरी चाल ताशी सुमारे ५९ किलोमीटर होते. परंतु नकाशावर पट्टी ठेवली तर ही दोन स्थानके सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरच दूर आहेत, म्हणून सरासरी वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर, पूर्व-आग्नेयेस, इतकाच भरतो. उरलेले सारे कल्याणचे वळण आणि भोर घाट यांत जाते. मुलगा ५० मीटर धावून पुन्हा आरंभरेषेवर आला तर अंतर १०० मीटर, विस्थापन शून्य आणि म्हणून सरासरी वेगही शून्य; मुलांना हा अन्याय वाटतो, आणि काही वेळ तसा वाटू द्यावा. ताशी किलोमीटरांचे सेकंदाला मीटर करण्यासाठी ३.६ ने भागण्याचा सराव पाच गणितांत उरकता येतो, त्याचा बाऊ करू नये.

पुन्हा त्या वह्यांकडेच यावे लागते. आत्याच्या लहानपणी तिच्या शाळेत एकच स्टॉपवॉच होते आणि ते मखमलीच्या पेटीत, काचेच्या कपाटात असे. क्रीडादिनी मुलगे धावत, मुलगेच काळ मोजत, आणि मुलींच्या वाट्याला लिंबू-चमचा येई. ते घड्याळ एकदा हातात मिळावे असे वाटूनही तिने कधी मागितले नाही. पुढे शिक्षिका झाल्यावर तशाच एका कपाटाची किल्ली तिच्या पदराला आली, तरी घड्याळ पडून फुटेल या धास्तीने पहिली काही वर्षे ते आतच राहिले, आणि त्या वर्षांतील मुलींनी चाल पाहिली ती केवळ फळ्यावर. त्यांच्यातली एखादी बाजारात भेटून अजूनही वाकून नमस्कार करते तेव्हा आत्याला संकोच वाटतो. सुहासला वर जे कठोर लिहिले गेले, त्यात त्याचा दोष किती आणि ही रुखरुख किती, हे नीट वेगळे करता येत नाही.

पहिलीच नोकरी, परका गाव, खानावळीचे जेवण, दिवसभर तास आणि संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरण्याचे काम, एवढ्यात फळ्यावर एक आकडा लिहून मोकळे व्हावेसे वाटले तर ते समजण्यासारखे आहे, आणि त्यावरून सुहासच्या शिक्षकपणाविषयी घरात कोणीही काही ठरवलेले नाही. मांडव निघाला की एके सकाळी मुलांना मैदानावर न्यावे, वहीतल्या त्या नोंदीवर सर्वांकडून एकच आडवी रेघ मारून घ्यावी आणि शेजारी प्रत्येकाचा स्वतःचा आकडा येऊ द्यावा. कोणाची चाल ४.३ येईल, कोणाची ५.६, काशीकाकूंचा नातू अंगाने जड आहे, त्याला धावण्यास न लावता रुमाल द्यावा, तो खूश होईल.

एसटीच्या पार्सलने एक डबा पाठवला आहे, त्यात डिंकाचे लाडू, मेतकूट आणि तळाशी फीत आहे. फीत ३० मीटरची आहे, त्यामुळे ५० मीटरसाठी दोनदा ताणावी लागेल. वहिनींनी सुहासच्या खोकल्याविषयीही सांगितले, म्हणून पहाटे मैदानावर कानटोपी घातल्याशिवाय उभे राहू नये, मुले हसली तरी. या पत्राचे उत्तर लगेच दिले नाही तरी चालेल. आधी चाचणीचे पेपर तपासून होऊ देत. तपासणी आटोपल्यावर दोन दिवस रजा काढून घरी यावे, आणि आल्यावर हवे तितके झोपावे. सातवीच्या वह्यांविषयी त्या दोन दिवसांत कोणी एक शब्द विचारणार नाही, आत्याही नाही.

कळावे, अनेक आशीर्वाद.

आत्या