उणीव आणि बळ

मायकेल फॅरडे याचा जन्म 1791 साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी झाला. शालेय शिक्षण अगदीच जुजबी. बालपणीच तो एका पुस्तकविक्रेत्याकडे कामास लागला व पुढे सात वर्षे पुस्तकबांधणी शिकला. उच्च गणित त्याला अखेरपर्यंत अवगत झाले नाही. स्मरणशक्तीही वारंवार दगा देई. मात्र जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचे चित्र मनात उभे करण्याची शक्ती निसर्गाने त्याला मुक्तहस्ताने दिली होती.

आपले मन कोठे उणे पडते, हे फॅरडेने स्वतःपासून लपविले नाही. स्मरणाची उणीव त्याने लेखणीने भरून काढली. प्रयोग साधो वा फसो, तो टिपून ठेवी व नोंदींना क्रमांक देई. अशा सोळा हजारांवर नोंदी त्याने मागे ठेवल्या आहेत. 1831 मध्ये त्याने चुंबकाच्या साहाय्याने तारेत विद्युत्प्रवाह निर्माण करून दाखविला. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या रेषांत मांडला जातो, त्यांवरून त्याने अदृश्य बलरेषांची कल्पना केली.

जेम्स मॅक्सवेल या तरुण विद्वानाने या कल्पनेला गणिताचे रूप दिले. 1857 मध्ये सहासष्ट वर्षांच्या फॅरडेने त्याला पत्र लिहिले आणि गणिताने काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत काय, असे विचारले. जगन्मान्य शास्त्रज्ञाला त्यात कमीपणा वाटला नाही.

सर्व गुण एका ठायी क्वचितच नांदतात. आपली उणीव जो प्रांजळपणे ओळखतो, त्याला तिच्यावर उपाय सापडतो आणि आपले बळ कोठे वेचावे हेही कळते.

स्वाध्याय : फॅरडेने आपल्या दोन उणिवांवर कोणते उपाय योजले?