एकाच मापाचे पाणी, तरी एक भात गिचका आणि एक मोकळा का?

प्रश्न : इंद्रायणीचा भात गिचका होतो, बासमतीचा दाणा न् दाणा सुटा राहतो. मुलाने आणलेला जपानी तांदूळ तर डावालाच चिकटून बसला. पाणी मी सगळ्यांना बेतानेच घालते. मग चुकते कुठे?

उत्तर : तुमचे काही चुकत नाही. पाणी कमीजास्त झाले तर फरक पडतोच, पण भात कसा होणार हे बरेचसे लोंबीत दाणा भरत असतानाच ठरून गेलेले असते.

पांढऱ्या तांदळात जवळजवळ चार-पंचमांश पिष्ट असते, आणि ते दोन प्रकारचे असते. अमायलोजची साखळी बहुतांशी सरळ. अमायलोपेक्टिन मात्र बाभळीसारखे फांद्याफांद्यांचे. दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले. अमायलोज भरपूर असले की शिजताना पिष्टाचे कण बेताने फुगतात, दाणा आपला आकार धरून राहतो आणि भात मोकळा होतो. ते कमी असले की कण भराभर फुगून फुटतात, आतले अमायलोपेक्टिन दाण्याच्या अंगावर येते आणि शिते एकमेकांना धरतात. बासमतीत अमायलोज साधारण २० ते २५ टक्के असते, जपानी तांदळात २० टक्क्यांच्या आत. आसामच्या बोरा तांदळात तर ते अगदी नावापुरते. मात्र अमायलोजवरच सगळे ठरत नाही. फांद्या किती लांबीच्या आहेत आणि तांदूळ नवा आहे की जुना, यानेही फरक पडतो. बासमती बहुधा मुरवूनच विकतात, तोही त्याला फायदा.

आता हे प्रमाण ठरवतो कोण? पानात तयार झालेली साखर दाण्यात पोचली की एक विकर तिच्यापासून पिष्टाचा कच्चा माल बनवते. त्यातून साखळ्या लांबवणारी विकरे वेगळी, फांद्या फोडणारी वेगळी आणि चुकीच्या जागी फुटलेल्या फांद्या छाटणारी आणखी वेगळी. अमायलोज बनवण्याचे काम मुख्यतः एकाच विकराकडे आहे. ते पिष्टाच्या कणातच रुतून बसलेले असते. त्याचे जनुक भाताच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याला ‘वॅक्सी’ म्हणतात. नाव आले मक्यावरून. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या एका मक्याचा दाणा कापला की मेणासारखा दिसे. त्याचे वर्णन १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या दाण्यात नेमके हेच विकर काम करत नाही, हे ऑलिव्हर नेल्सन आणि हॉवर्ड राइन्स यांनी १९६२ मध्ये दाखवले.

जपानी भातात हे जनुक शाबूत आहे, फक्त त्याच्या डीएनएतले एक अक्षर बदलले आहे. मला या सगळ्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. जनुकाची नक्कल निघाली की तिच्यातला नको असलेला तुकडा कापून टाकावा लागतो. कुठे कापायचे त्या खुणेतच ‘जी’ जाऊन ‘टी’ आला. त्यामुळे बऱ्याचशा नकला नीट कापल्या जात नाहीत, विकर कमी बनते आणि अमायलोजही. थंडीत हीच काटछाट जरा बरी होते, म्हणून असा भात गार हवेत पिकला तर त्याचा चिकटपणा थोडा उतरतो. ज्या चिकट भातात अमायलोज जवळजवळ नसतेच, त्यातल्या पुष्कळ वाणांत या जनुकात २३ अक्षरे दोनदा आली आहेत. तिथे विकरच तयार होत नाही.

आपल्या इंद्रायणीचे एक पालक आंबेमोहोर १५७, दुसरे आयआर ८. आयआर ८ उत्पन्नाला भारी, पण अमायलोज २५ टक्क्यांच्या वर. भात निवला की कडक. इंद्रायणीत मावळच्या लोकांना हवा तो मऊपणा टिकला, याचे मोल मला उत्पन्नाइतकेच वाटते. भात गिचका होतो म्हणून त्याला हलका ठरवू नये. गरम भात, वर तूप-मेतकूट, यासाठी सुटा दाणा काय कामाचा?

घरी पडताळून पाहायचे असेल तर टिंक्चर आयोडिन पाण्यात पातळ करा, तांदळाचा दाणा सुरीने मधोमध तोडा आणि तुटलेल्या बाजूवर एक थेंब टाका. नेहमीच्या तांदळावर निळा-काळा रंग येईल. ईशान्येकडचा बोरा तांदूळ मिळाला तर त्यावर तांबूस-तपकिरी डाग उमटेल. दाणे नंतर टाकून द्या.

प्रश्न : स्वीट कॉर्नचे बियाणे सुरकुतलेले आले आहे. दुकानदाराने जुना माल दिला असेल का?

उत्तर : सुरकुत्यांवरून तसे म्हणता येणार नाही. स्वीट कॉर्नमध्ये पिष्ट बनवणाऱ्या याच विकरांच्या साखळीतला एखादा दुवा तुटलेला असतो. जुन्या प्रकारात फांद्या छाटणारे विकर बिघडलेले, तर फार गोड प्रकारात कच्चा माल बनवणारे. साखरेचे पिष्ट पुरेसे होत नाही, म्हणून कोवळे कणीस गोड लागते आणि वाळल्यावर दाणा आत बसतो. बियाण्यात शिदोरी कमी असल्याने उगवणही नाजूक असते. फार थंड किंवा चिखलट जमिनीत पेरू नका. शेजारच्या साध्या मक्याचा पराग यावर पडला तर त्याच हंगामात दाणे पिठूळ होतात. म्हणून दोन्ही पिके दूर ठेवा किंवा दोघांना तुरा एकाच वेळी येणार नाही, अशा बेताने पेरणी मागेपुढे करा.