तारेला नाव द्या

आमच्या पालघर, बोईसर, तारापूर भागात दोन तऱ्हेची जाळी आहेत. एक जाळे सातपाटीच्या कोळी बांधवांचे. ते समुद्रात जाते आणि पापलेट घेऊन येते. दुसरे जाळे अलीकडे घरोघर आले. ते तारांचे. त्याला आपण नेट म्हणतो. नेट या शब्दाचा अर्थही जाळे असाच आहे.

कोळी बांधव जाळे कसे ठेवतात, ते तुम्ही पाहिले असेल. फाटले असेल तेथे शिवतात. मग नीट रचून ठेवतात. कारण पहाटेच्या अंधारात जाळे गुंता न होता सुटले पाहिजे. गुंता झाला, की तो दिवस बुडाला.

घरातल्या जाळ्याचेही असेच आहे. पण हे आम्हांला आधी कळले नाही. नुकसान झाल्यावर कळले. ते कसे, तेच या धड्यात सांगतो.

पुतण्याचा छंद

आमचा पुतण्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. काम पाळीचे. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. कोणाला कबुतरांचा छंद असतो, कोणाला भजनाचा. याला तारांचा छंद. बोईसरमध्ये याचे चार-पाच सोबती आहेत. सुट्टी जुळली, की ते एकमेकांच्या घरी जमतात. घरातले नेट कोणी कसे बसवले, ते एकमेकांना दाखवतात.

एकाने भंगारातून भोकांच्या लोखंडी पट्ट्या आणल्या आणि भिंतीवर चौकट उभी केली. तिच्यात यंत्रे एकावर एक बसवली. अशा चौकटीला रॅक म्हणतात. मोठ्या कचेऱ्यांतल्या रॅकचे माप जगभर ठरलेले आहे. रुंदी १९ इंच. उंचीला एकेक घर पावणेदोन इंचांचे. माप एकच असल्यामुळे एका देशात केलेले यंत्र दुसऱ्या देशातल्या रॅकमध्ये बसते. घरात एवढी मोठी चौकट लागत नाही. भिंतीवर एक मजबूत फळी असली, तरी काम भागते.

आम्ही पुतण्याला विचारले, “अरे, तारा त्या तारा! त्यात बघायचं काय?”

तो म्हणाला, “काका, आम्ही चांगलं तेवढंच बघत नाही. कुणाची वायर उंदराने खाल्ली, कुणाच्या डब्यात पाल शिरली, तेही बघतो. एकाची चूक झाली, की बाकीचे शहाणे होतात.”

तेव्हा आम्ही हसलो. हसायला नको होते.

नेट घरात कसे येते

आधी तारेची वाट समजून घेऊ.

खांबावरून घरात जी बारीक तार येते, तिला फायबर म्हणतात. तिच्या आत केसासारखा काचेचा धागा असतो. त्या धाग्यातून उजेड धावतो. आपला निरोप, फोटो, आवाज हे सारे त्या उजेडावर स्वार होऊन येते. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना अपाय करू शकतो. म्हणून फायबरच्या टोकात कधीही डोकावू नये. काचेचा धागा जोराने दुमडला, तर तुटतो. म्हणून त्याला कोपऱ्यावर गोल वळण द्यावे.

फायबर पहिल्या डब्यात शिरते. हा डबा उजेडाचे रूप बदलून त्याची विजेची खूण करतो. तेथून ती खूण दुसऱ्या डब्यात जाते. त्याला राउटर म्हणतात. राउटर म्हणजे घरचा पोस्टमनच. कोणता निरोप कोणत्या फोनचा, कोणता संगणकाचा, हे तो पाहतो आणि ज्याचे त्याला देतो. पुष्कळ घरी हे दोन्ही डबे एकाच पेटीत असतात. जास्त खोल्यांत तारा न्यायच्या असतील, तर स्विच नावाचा तिसरा डबा लावतात. एका नळाला चार तोट्या काढाव्या, तसे ते असते.

राउटरपासून पुढची तार तांब्याची. तिच्यात ८ बारीक तारा असतात. त्यांच्या ४ जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. का बरे? शेजारच्या मोटारीचा, दिव्याचा विजेचा गोंधळ या तारांवर पडतो. पीळ असला, की तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन तारांतला फरक तेवढा वाचते. मग गोंधळ आपोआप गळून जातो. अशी तार १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. पुढे खूण मंद होते.

बाजारात स्वस्त तार मिळते. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ती लवकर मोडते. चाकूने जरा खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली, तर घेऊ नका.

ती रात्र

पुतण्याने आमच्या घरी सारे बसवून दिले. काम चोख होते. पण एक राहिले. कोणती तार कोठे जाते, हे फक्त त्याच्या डोक्यात होते. तारांचा जुडगा डब्यांमागे कोंबलेला. सगळ्या तारा एकाच करड्या रंगाच्या.

शेजारची एक मुलगी बारावी झाली होती. तिला नर्सिंगला जायचे होते. प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. आमच्या पाड्यावर मोबाईलला रेंज नीट नाही. म्हणून रात्री नऊ वाजता ती कागद घेऊन आमच्या घरी आली. तिची आजीही बरोबर होती.

निम्मा अर्ज भरून झाला, आणि संगणकावरचे नेट गेले.

पुतण्या रातपाळीला. कामावर फोन बाहेर ठेवावा लागतो. आम्ही डब्यांजवळ गेलो. चार दिवे लुकलुकत होते. आम्ही एक तार काढली. लावली. दुसरी काढली. ती कोठून काढली, तेच विसरलो. आता वायफायही बंद झाले. तास गेला. बोईसरला जायला रिक्षा मिळेना, आणि दुकानेही बंद झाली असणार. बारा वाजले. मुदत संपली.

पोरीने कागद गोळा केले. म्हणाली, “असू दे, आजोबा.” एवढेच बोलली. रागावली असती, तर आम्हांला बरे वाटले असते. तिचे एक वर्ष गेले.

सकाळी पुतण्या आला. त्याने पाहिले. संगणकाच्या तारेच्या टोकाला प्लॅस्टिकची जीभ असते. ती मोडली होती. म्हणून प्लग अर्धा बाहेर आला होता. त्याने दुसरी तार लावली. दोन मिनिटांचे काम.

तो खाली बसला आणि म्हणाला, “काका, चूक माझी आहे. मी तार लावली, पण तिला नाव नाही दिलं.”

नावे दिली

पुढच्या रविवारी त्याचे सोबती आले. त्यांनी सगळ्या तारा सोडल्या. तांब्याच्या तारा विजेच्या तारांपासून दूर केल्या. डबे जमिनीवरून उचलून फळीवर बसवले, म्हणजे ओल आणि उंदीर लागू नयेत. मग प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत: “१ खांब”, “२ राउटर”, “३ संगणक”, “४ माडी”. जवळ भिंतीवर एक कागद लावला. त्यावर वाटेचे चित्र काढले आणि खाली लिहिले: “तांबडा दिवा लागला तर बाहेरची तार तुटली. कंपनीला फोन करा. आतले काही काढू नका.”

त्या मुलांनी आणखी एक दोष दाखवला. आमच्या धाकट्या भावाचे घर अंगणापलीकडे आहे. तेथे आम्ही झाडावरून तांब्याची तार नेली होती. पैसे वाचले म्हणून आम्ही खूश होतो. ती मुले म्हणाली, “ही आधी उतरवा.” जवळपास वीज पडली, तर तांब्याच्या तारेतून तिचा झटका दोन्ही घरांत शिरतो. यंत्र जळते, माणसालाही धोका होतो. आता तेथे धातू नसलेली फायबर आहे. काचेतून वीज वाहत नाही.

वर्षभराने, भर पावसाळ्यात, आम्ही पालघरला गेलो होतो. ती मुलगी पुन्हा अर्जाला बसली होती. पुन्हा नेट गेले. या वेळी तिची आजी डब्यांजवळ गेली. आजी साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकली आहे. तिने बोट ठेवून वाचले: “तीन. सं-ग-ण-क.” ती तार सैल होती. तिने ती टक् आवाज येईपर्यंत आत दाबली. नेट आले. अर्ज गेला.

आम्ही घरी आलो, तेव्हा आजी म्हणाली, “गुरुजी, तुमची तार मीच लावली हो.”

दूरचे आणि जवळचे

स्पेन देशात कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. तेथे गुर्ब नावाचे लहान गाव आहे. त्या भागात चांगले नेट मिळत नव्हते. २००४ साली तेथल्या लोकांनी घराघरांवर वायफायची यंत्रे लावून आपले आपण जाळे विणले. त्याचे नाव ग्विफी. जो जोडला जातो, तो पुढच्याला जोडून घेतो. आज त्या जाळ्यात हजारो ठिकाणे आहेत.

एवढे लांब कशाला जा? आपल्या पालघरजवळ खामलोली गाव आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खामलोली व आसपासच्या गावांत एक प्रयोग केला. टीव्हीसाठी राखलेल्या पुष्कळ लहरी आपल्याकडे रिकाम्या असतात. त्या लहरी झाडीतूनही लांब जातात. त्यांवरून त्यांनी गावात नेट आणले. या कामाला ग्राममार्ग म्हणतात. २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले.

तारेने येवो की लहरींवरून येवो, नेट गावात आणून देणारा परत जातो. पुढे ते सांभाळायचे कोणी? आपणच. म्हणून जो शिकला, त्याने दुसऱ्याला दाखवावे. आणि केलेले काम दुसऱ्याला वाचता येईल असे ठेवावे.

ध्यानात ठेवा

१. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव लिहा.
२. नेट गेले, तर एका वेळी एकच तार तपासा. काढलेली तार जागच्या जागी लावा, मगच दुसरीला हात लावा.
३. नेटची तार आणि विजेची तार एकत्र बांधू नका. विजेचे काम जाणत्याकडूनच करून घ्या.
४. आभाळ भरून आले, की आधीच प्लग काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नका.
५. जोडणीचा कागद भिंतीवर लावा.

विचार करून सांगा

१. तांब्याच्या तारांना पीळ का देतात?
२. दोन घरांमध्ये तांब्याची तार का नेऊ नये?
३. पुतण्याचे काम चोख होते, तरी मुलीचे वर्ष का गेले?
४. तुमच्या घरात एकालाच येते असे कोणते काम आहे? तो घरी नसला, तर काय होईल?