डेमोला बसण्याआधी

अगं, ई-सिग्नेचरची सिस्टिम निवडायचं काम तुझ्याकडे आलं म्हणून इतकी धास्ती घेऊ नकोस. तुमच्या गोळ्या अमेरिकेत जातात, म्हणजे तुला पाळायचाय तो २१ सीएफआर पार्ट ११. अमेरिकेच्या औषध नियामकाचा, म्हणजे एफडीएचा, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड आणि सह्यांबद्दलचा १९९७ सालचा नियम आहे, जेमतेम काही पानांचा. कुणाच्या पीपीटीवर विसंबू नकोस, आधी तो स्वतः वाच.

ब्रोशरवर 'पार्ट ११ कम्प्लायंट' लिहिलेलं दिसेल, त्याला भुलू नकोस. एफडीए कुठल्याच सॉफ्टवेअरला तसं प्रमाणपत्र देत नाही. व्हेंडरची व्हॅलिडेशनची कागदपत्रं जरूर घे, उपयोगी पडतात. पण तुमच्या कामाला ती सिस्टिम नीट चालते, हे तुम्हालाच तुमच्या प्लांटमध्ये दाखवावं लागतं.

डेमोत त्यांनी तयार ठेवलेलं रेकॉर्ड पाहू नकोस, तुमचं एक बॅच रेकॉर्ड ने. त्यावर सही करायला लाव आणि प्रिंट काढ. नाव, तारीख, वेळ आणि सही कशासाठी केली, म्हणजे तपासलं की मंजूर केलं, हे स्क्रीनवरही दिसायला हवं आणि कागदावरही. मग एखादं रीडिंग बदलायला सांग. जुना आकडा, बदलणारा आणि वेळ ऑडिट ट्रेलमध्ये राहिली पाहिजे. ऑडिट ट्रेल बंद कोण करू शकतं, हेही विचार. रिझल्ट काढणाऱ्याच्याच हातात ॲडमिनचे अधिकार असतील, तर स्पष्ट नाही म्हण.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. बहुतेक सिस्टिमचे पैसे युजरमागे घेतात. मग कोटेशन आलं की वरून विचारणा होते, एवढे आयडी कशाला, एका लाइनला एक पुरे की! तिथेच सगळं नासतं. रात्रपाळीचा ऑपरेटर दिवसपाळीच्या नावाने सही करतो, आणि ती सही कुणाचीच राहत नाही. नियम अगदी साफ आहे: एक सही एकाच माणसाची, ती दुसऱ्याला देता येत नाही. पासवर्ड वाटून वापरणाऱ्या ऑपरेटरला मी दोष देणार नाही, त्याला स्वतःचा आयडीच दिलेला नसतो. म्हणून दर विचारण्याआधी माणसं मोज.

सही करायला किती वेळ लागतो तेही बघ. बसल्या जागी सलग सह्या करताना पहिल्या सहीला आयडी-पासवर्ड दोन्ही लागतात, पुढच्यांना नुसता पासवर्ड चालतो. ही मुभा नियमातच आहे. सिस्टिम ती देत नसेल, तर कामाच्या घाईत लोक पळवाटा शोधतात.

आणि कंपनीचे फॉर्म भरायला अकाउंट्सवाले वापरतात तो डीएससीचा, म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचा, टोकन वेगळा. तो भारताच्या आयटी कायद्यातला. प्रवेश तुमच्याच ताब्यात असलेल्या बंद सिस्टिमसाठी पार्ट ११ तसं सर्टिफिकेट मागत नाही. प्रवेशाचा ताबा बाहेरच्यांकडे असेल, तर मात्र जास्तीची सुरक्षा लागते. याशिवाय, आमच्या इलेक्ट्रॉनिक सह्या हातच्या सहीइतक्याच बंधनकारक आहेत, असं पत्र एफडीएला द्यायचं असतं, आणि त्यावर सही हातानेच करायची. सिस्टिम सुरू होण्याआधी ते गेलंय का, पाहून ठेव.

उद्या एचआरकडून तिन्ही शिफ्टची यादी माग, कंत्राटी कामगारांसकट. कोटेशन त्या आकड्यावरच घे.