आयर्लंडचे सार्वमत आणि माझ्या भिंतीवरचा फलक

२८ मे २०१८ चा सोमवार आपल्या भागातील वाचकांना आठवत असेल. भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक त्या दिवशी होती. उन्हाने अंग भाजून निघत होते, मतदान यंत्रे ठिकठिकाणी बंद पडत होती, आणि ४९ केंद्रांवर दोन दिवसांनी फेरमतदान घ्यावे लागले. संध्याकाळी माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर बोटाला शाई लागलेले चार-सहा जण बसले होते. एका निवृत्त गुरुजींनी हातातील वर्तमानपत्र पुढे करून मला विचारले, "मॅडम, हे वाचलं का? आयर्लंडात गर्भपातावर मतदान झालं म्हणे."

गुरुजींनी बातमी मोठ्याने वाचली. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाईच्या पोटातल्या गोष्टीवर साऱ्या गावानं मत टाकायचं का जी?" सगळे हसले. नातवाला दाखवायला आणलेल्या एका गृहस्थांनी हा महापाप असल्याचा निर्वाळा दिला. आणि पदवीपर्यंत शिकलेला एक तरुण म्हणाला, "आपल्याकडं बरं आहे, आपल्याकडं बंदीच आहे. तुमच्याच भिंतीवर बोर्ड आहे ना, मॅडम."

त्या तरुणाच्या वाक्याने मी चमकले. आजचा लेख त्या वाक्यावरच आहे. पण आधी आयर्लंडमध्ये काय घडले ते सांगते, कारण त्या गोष्टीची सुरुवात आपल्या शेजारच्या बेळगावची आहे.

सविता हलप्पनवार ही बेळगावची मुलगी. शिक्षणाने दंतवैद्य, वय ३१, लग्नानंतर पतीसोबत आयर्लंडमधील गॉलवे शहरात राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, सतराव्या आठवड्यात, पाठदुखीची तक्रार घेऊन ती रुग्णालयात गेली. दाखल झाल्यानंतर काही तासांतच तिची पाणमोट फुटली. सतराव्या आठवड्यात पाणी गेले की ते मूल वाचत नाही, हे डॉक्टरांनाही माहीत होते आणि तिलाही सांगण्यात आले होते. पिशवी रिकामी करून द्या, अशी विनंती तिने केली. परंतु गर्भाचे ठोके सुरू होते, आणि ते सुरू असेपर्यंत गर्भपात करता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. कारण १९८३ साली त्या देशाने सार्वमत घेऊन राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली होती. आई आणि पोटातील गर्भ यांचा जगण्याचा हक्क त्या दुरुस्तीने सारखाच ठरविला होता.

२४ तारखेला गर्भ आपोआप पडला. तोपर्यंत जंतू रक्तात भिनले होते. २८ ऑक्टोबरला सविताचा मृत्यू झाला.

पाणमोट म्हणजे बाळाभोवतीची बंद पिशवी. ती शाबूत असते तोवर योनिमार्गातील जंतूंना वर जाण्यास अटकाव असतो. ती फुटली की दार उघडे पडते आणि तासागणिक धोका वाढत जातो. अशा वेळी प्रतिजैविके देतातच, परंतु जंतूंचे घर आतच राहिले तर नुसत्या औषधाने भागत नाही. ते घर रिकामे करावे लागते. पुढील चौकशीत असेही निष्पन्न झाले की, पहिल्याच दिवशीच्या रक्ततपासणीत सविताच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या आणि त्याकडे वेळीच कोणी पाहिले नाही. म्हणजे दोष एकट्या कायद्याचा नव्हता. देखरेखही कमी पडली. पण कायद्याची धास्ती असली की डॉक्टरचे लक्ष रोग्याच्या नाडीवरून उडून गर्भाच्या ठोक्यांकडे जाते, हे मी माझ्या धंद्यातील माणूस म्हणून सांगू शकते.

बातमी फुटली तेव्हा डब्लिन आणि गॉलवेच्या रस्त्यांवर लोक मेणबत्त्या घेऊन उतरले. आपल्या परराष्ट्र खात्याने आयर्लंडच्या राजदूतांना बोलावून घेतले. पुढे साडेपाच वर्षांनी, २५ मे २०१८ रोजी, आठवी दुरुस्ती ठेवायची की काढायची यावर तेथे मतदान झाले. सार्वमत म्हणजे काय ते आपल्या जुन्या वाचकांना १९६७ च्या गोव्यावरून ठाऊक आहे. उमेदवार नाही, पक्ष नाही, फक्त एक प्रश्न. टपालाने मत पाठविण्याची सोय नसल्यामुळे परदेशांत गेलेली तरुण मुले-मुली विमानाने, बोटीने मतदानासाठी घरी परतली. सविताच्या आईवडिलांनी बेळगावहून दुरुस्ती काढून टाकण्याच्या बाजूने मत द्या, असे आवाहन केले होते. ६६.४ टक्के लोकांनी त्याप्रमाणे मत दिले. १९८३ साली ती दुरुस्ती आणणाऱ्यांचे प्रमाणही ६६.९ टक्केच होते! पस्तीस वर्षांत जवळजवळ तेवढ्याच लोकांनी उलटा कौल दिला.

डब्लिनमधील एका भिंतीवर सविताचे मोठे चित्र काढलेले होते. निकालाच्या दिवशी लोकांनी त्या चित्राभोवती चिठ्ठ्या चिकटविल्या, शेकड्यांनी. पुष्कळांनी तिची क्षमा मागितली होती. त्यावेळचे तेथील पंतप्रधान लिओ वराडकर हे स्वतः डॉक्टर, आणि त्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराडचे. सर्वांनाच आनंद झाला असे मात्र नाही. सात लाखांहून अधिक लोकांनी विरोधात मत दिले होते, डोनेगल या मतदारसंघाने तर बहुमताने. त्यांतील अनेकांना ही बाब खरोखरच जीवहत्येची वाटत होती. ओट्यावरील त्या गृहस्थांसारखीच. त्यांची थट्टा करावी असे मला वाटत नाही.

असो. आता भिंतीवरच्या बोर्डाकडे वळू.

माझ्याच काय, सोनोग्राफी होते त्या प्रत्येक दवाखान्यात आपण तो पाहिला असेल. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, असा त्याचा आशय. मुलगा की मुलगी हे पाहण्याविरुद्धचा पहिला कायदा देशात महाराष्ट्रानेच १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ चा. तो हवाच आहे आणि कडक हवा आहे. पण वाचणारा घाईत "गर्भ" आणि "गुन्हा" हे दोनच शब्द वाचतो आणि गर्भपातच गुन्हा आहे अशी समजूत घेऊन घरी जातो. इतकी वर्षे तो फलक माझ्या डोक्यावर होता आणि माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

तो तरुण बोलला तेव्हा मला आदल्या वर्षीची एक बाई आठवली. रोवणीचे दिवस होते. तीन लेकरांची आई, चौथ्यांदा दिवस गेलेले. घरात कुणाला न सांगता तिने कुठून तरी गोळ्या मिळवून घेतल्या. नऊ दिवस अंगावर जात होते आणि ती बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवत होती. दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. नवऱ्याला वाटले हिवताप. दोन ठिकाणी हिवतापाचे औषध झाले. तिने दोन्हीकडे तोंड उघडले नाही. माझ्याकडे आणली तेव्हा नाडी मोजता येत नव्हती, हातपाय गार, श्वास भरलेला. मी सर्वांना बाहेर काढून विचारले तेव्हा तिने आधी भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पोलिसात नाही ना देणार जी?" शरमेने आणि तापाने ती असे बोलत असावी, असे मी समजले. तिला सलाईन आणि इंजेक्शन देऊन लगेच भंडाऱ्याला पाठविले. तेथे पिशवी साफ केली, रक्ताच्या चार बाटल्या चढविल्या. ती वाचली. सविता ज्या जंतुदोषाने गेली, त्याच वाटेवर ही निघाली होती. तिकडे कायद्याने अडविले होते. हिला कायद्याने काहीच अडविले नव्हते, पण ते तिला कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्याकडे या प्रश्नावर सार्वमत कधी झाले नाही. १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला होता आणि त्यात बाईलाही शिक्षा होती. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरतात म्हणून १९६४ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावरून १९७१ साली संसदेने वैद्यकीय गर्भपात कायदा केला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. आयर्लंडने आठवी दुरुस्ती घटनेत घातली, त्याच्या अकरा वर्षे आधी! ना मिरवणूक, ना मतदान. गावागावांत त्यावर भांडण झाले नाही हे बरेच झाले, पण म्हणून गावागावांत तो पोचलाही नाही.

कायदा आज काय म्हणतो ते थोडक्यात देते. २०२१ मध्ये तो सुधारला गेला आहे. बाईच्या जिवाला किंवा शरीराच्या वा मनाच्या आरोग्याला गंभीर धोका असेल, बाळात मोठे व्यंग असेल, बलात्कारातून दिवस गेले असतील किंवा कुटुंबनियोजनाचे साधन फसले असेल, तर २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. अत्याचारग्रस्त स्त्री, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग, अशा काही स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरविते. आणि बाईचा जीव वाचविण्यासाठी तातडीची गरज असेल तर आठवड्यांची अट नाही. एक डॉक्टर निर्णय घेऊ शकतो. सविताच्या प्रसंगी येथे डॉक्टरांना गर्भाचे ठोके थांबण्याची वाट पाहत बसावे लागले नसते.

आता दवाखान्यात रोज विचारला जाणारा प्रश्न, सही कोणाची? अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची, बस. नवऱ्याची सही कायद्यात नाही, सासूची तर नाहीच. तरीही पुष्कळ ठिकाणी नवऱ्याला बोलावून आणा म्हणतात. भांडण नको म्हणून तसे करतात, मी स्वतः पूर्वी केले आहे. अठरा वर्षांखालील मुलीला मात्र पालकांची लेखी संमती लागते. अविवाहित स्त्रीलाही हा कायदा लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. बाईचे नाव बाहेर फोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे, डॉक्टर असला तरीही.

आपला कायदा आयर्लंडच्या नव्या कायद्याहून सैल आहे असेही नाही. तेथे आता १२ आठवड्यांपर्यंत कारण सांगावे लागत नाही, तीन दिवस थांबावे लागते इतकेच. आपल्याकडे शेवटचा शब्द डॉक्टरचा. डॉक्टर समजूतदार असेल तर ठीक, नसेल तर बाई परत जाते आणि गोळ्यांच्या दुकानाची वाट धरते.

म्हणून गोळ्यांविषयी. पहिल्या नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली ती चांगली पद्धत आहे. दोन वेगवेगळी औषधे ठराविक अंतराने घ्यायची असतात. आधी तपासणी लागते, कारण दिवस किती झाले याचा बायकांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. दुसरे म्हणजे, गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्या कामाच्या नाहीत, आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. आपल्या भागात बायकांच्या अंगात रक्त मुळातच कमी, त्यात काही घरांत सिकलसेल. अशा बाईला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. काडी घालणे, मुळी ठेवणे, पोट चोळून घेणे हे प्रकार कमी झाले आहेत, संपलेले नाहीत. त्यांतून धनुर्वातापर्यंत सगळे होऊ शकते. शासकीय रुग्णालयात विचारावे. खासगी ठिकाणी गर्भपात केंद्राच्या मान्यतेचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते, ते पाहून घ्यावे.

जून २०१८ मध्ये मी जुन्या फलकाशेजारी दुसरा फलक लावला. गर्भपात कोणत्या कारणांसाठी, किती आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे, ते मोठ्या अक्षरांत. २०२१ च्या सुधारणेनंतर पेंटरला बोलावून आठवड्यांचे आकडे बदलून घेतले. काही जण त्या फलकावरून माझ्याशी बोलेनासे झाले. बायका मात्र तो वाचतात. वाचता येत नाही त्या शेजारणीला हळूच विचारतात.

गर्भपात आपोआप होत असो, गोळीने होवो की शस्त्रक्रियेने, पुढीलपैकी काही दिसले तर रात्र आहे, रोवणी आहे, पाहुणे आहेत असे म्हणू नका. ओळीने दोन तास, दर तासाला दोन घड्या भिजतील इतके रक्त. थंडी वाजून ताप, किंवा उलट अंग गार पडून घाम. घाण वासाचे पाणी. पोटात न थांबणारी कळ, चक्कर, खांद्यात दुखणे. नाडीची धावपळ, धाप, बडबड, लघवी कमी होणे. आणि दिवस भरण्याच्या पुष्कळ आधी पाणी गेले असेल तर दुखत नसले तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. १०८ ला फोन करा. आधीच्या तपासण्यांचे कागद सोबत घ्या. कोणती गोळी घेतली, केव्हा घेतली, ते डॉक्टरला एकटीने भेटून सांगा, गोळीचे रिकामे पाकीट असेल तर तेही दाखवा.