विळा घेताना जादा किंमत कशासाठी द्यावी?

सुगी जवळ आली की शेतकरी विळे खरेदी करतो. बैल घेताना तो दात पाहतो, बियाणे घेताना पिशवीवरील चिठ्ठी वाचतो. विळा मात्र केवळ किंमत विचारून उचलतो. हलके अवजार म्हणून त्याकडे होणारे हे दुर्लक्ष कापणीच्या दिवसांत महाग पडते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एक विळा ८० रुपयांचा असून तो एकच हंगाम टिकतो. त्यास धार लावण्यात रोज अर्धा तास जातो. १६ दिवसांच्या कापणीत हे ८ तास, म्हणजे एका मजुराचा पूर्ण दिवस झाला. मजुरी ४०० रुपये धरल्यास हा विळा एका हंगामास ४८० रुपयांना पडला. दुसरा विळा २०० रुपयांचा, तीन हंगाम टिकणारा आणि धारेसाठी रोज पाव तास घेणारा आहे. त्याचा एका हंगामाचा खर्च सुमारे २६७ रुपये येतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हिशेब करावा.

परंतु महाग तेवढे चांगले, असेही मानू नये. रंगीत मूठ व चकचकीत पाते यांसाठी दिलेला जादा पैसा व्यर्थ होय. जादा किंमत पुढील गोष्टींसाठीच द्यावी.

१. पोलाद : साध्या लोखंडात कर्ब फार कमी असल्याने पाणी देऊनही ते कठीण होत नाही. पात्यास साधारणतः ०.५ ते १ टक्का कर्ब असलेले पोलाद लागते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून गावचे लोहार टिकाऊ विळे व कोयते घडवितात, त्याचे कारण हेच.

२. पाणी : पाते लाल तापवून विझविल्यावर ते पुन्हा मंद तापवावे लागते. ही दुसरी क्रिया टाळल्यास धार ठिसूळ होऊन तिचे तुकडे उडतात. कानशीची कड धारेवर हलकेच घासून पाहावी. कानस सहज रुतल्यास पाते मऊ समजावे.

३. जोड : पात्याचा मुठीतील भाग खोलवर बसविलेला व कड्याने आवळलेला असावा. ढिल्या मुठीतून पाते निसटल्यास हातास मोठी इजा होते. पाते टिचकीने वाजवून पाहावे. बद्द आवाज आल्यास तडा असण्याचा संभव असतो.

४. हमी : वस्तू सदोष निघाल्यास बदलून कोण देणार, हे खरेदीपूर्वीच विचारावे व पावती घ्यावी. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली व तिच्या चिन्हाविषयीचा कायदा १९५२ साली झाला. १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते. अवजारावर आय. एस. आय. चिन्ह असल्यास त्यासोबत मानकाचा क्रमांक व परवाना क्रमांकही असावयास पाहिजे. परवाना क्रमांक ब्यूरोच्या 'बी. आय. एस. केअर' या मोबाईल ॲपवर पडताळता येतो. गावच्या लोहाराजवळ असे चिन्ह नसते; परंतु बिघडलेले पाते तो पुन्हा भट्टीत घालून देतो. ही हमीदेखील मोलाची आहे व तिच्यासाठी चार पैसे अधिक देणे योग्य होय.

चांगला विळा घेतल्यावर त्याची निगा राखावी. विजेच्या सहाणेवर कोरडी धार लावताना पाते तापून निळे पडले, की त्याचे पाणी उतरले असे समजावे. अशा पात्यास कोणतीही हमी वाचवू शकत नाही. म्हणून धार पाणी शिंपडून, सावकाश लावावी. हंगाम संपताच पाते पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वी शेतकऱ्यांच्या बैठकीत दोन्ही प्रकारचे विळे व एक कानस ठेवून ही परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून खरेदी केल्यास विक्रेत्याकडून बदलून देण्याची लेखी हमी मागणेही सोपे जाते.