उचलायला दोघे लागतात

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. संघाच्या काही उपयोगाचा नाही म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर ठेवले.

करुणेचे उदाहरण म्हणून ही कथा आपण ऐकतो. मला नर्स म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते: उचलायला दोघे होते.

चामटोलीपासून उल्हासनगरपर्यंत आपल्या वस्त्यांत हे काम बहुधा एकटी आई, बायको नाहीतर सून करते. पाणी भरायचे, डबे करायचे, नवऱ्याची लोकल सांभाळायची आणि मधेच वाढत्या वयाच्या मुलाला उचलून मोरीत न्यायचे. आपण तिला सोशिक म्हणतो. कौतुकाने कंबर दुखायची थांबत नाही.

उचलताना पाठ वाकवू नका. गुडघे वाकवा, माणसाला अंगाशी घ्या आणि उचलता उचलता कंबर पिळू नका. अंथरुणात वर सरकवायचे असेल तर खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी धरा. फरफटत ओढले की कातडी सोलते.

स्वतः हलू न शकणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. घड्याळ लक्षात राहत नसेल तर कामांना जोडून घ्या: पाणी आले, कुकर उतरला, धाकटी शाळेतून आली. रात्रीची एक पाळी घरातल्या पुरुषाने घ्यावी, तो दमून आला असला तरी. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघा. दाबल्यावरही लाली जात नसेल तर जखमेची ती सुरुवात आहे. तिथे चोळू नका, त्या अंगावर झोपवू नका आणि आरोग्य केंद्रात दाखवा. भरवताना बसते करा आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवा, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

कागदांचे कामही सेवेतच धरा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पगाराविना सांभाळ करणारे आईबापही ‘काळजीवाहक’ आहेत. युडीआयडी कार्ड काढा. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्याची चौकशी करा. मूल १८ वर्षांचे झाले की पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

आणि तिचा स्वतःचा रक्तदाब? शेवटचा कधी तपासला ते विचारा. बहुतेकींना आठवत नाही.

विहारातल्या उपासिका मंडळांना माझी विनंती आहे. अशा घराची आठवड्यातून दोन तासांची पाळी लावा. दोघींनी आधी तिच्याकडून कूस कशी वळवायची, भरवायचे कसे ते शिकून घ्यावे आणि मग रविवारच्या वंदनेला तिला पाठवावे.